‘गुरांचा रोग हरणाला कसा होईल?’ : लाळ्या-खुरकुताच्या व्हायरल मजकुराला मुद्देसूद उत्तर

प्राणिसंग्रहालयात हरणं दगावल्याची बातमी आली की एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा बदलत नाही. थोडक्यात तो असा:

‘लाळ्या-खुरकूत हा गाई-म्हशींचा रोग आहे, हरणांचा नाही. आणि झालाच तरी त्याने जनावर मरत नाही. प्राणिसंग्रहालयाला चारी बाजूंनी भिंत असते, मग रोग आत आला कुठून? म्हणजे ही विषबाधाच, खरं कारण दडपलं जातंय. लस टोचली असती तर एकही हरीण गेलं नसतं. आता झेब्रे, वाघ सगळ्यांना लागण होणार. मुलांना तिकडे नेऊ नका, शाळांमध्ये पसरतो तो हात-पाय-तोंडाचा आजार हाच. फिनाईल आणि चुना मारला असता तर वेळ आली नसती.’

जुलै २०२५ मध्ये पुण्यात कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सोळा चितळं दगावली. भोपाळ आणि भुवनेश्वर इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या तपासणीत लाळ्या-खुरकूत निष्पन्न झाला. वरच्या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अशा वेळी चुकीच्या दिशेला बोट दाखवतं, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘हा गाई-म्हशींचा रोग आहे’

गाई-म्हशींमध्ये तो आपल्याला दिसतो, कारण गोठा रोज डोळ्यांपुढे असतो. तोंडातून दोरीसारखी लोंबणारी लाळ, जिभेवरचं सोलवटलेलं कातडं, खुरांच्या बेचक्यात फोड, त्यामुळे सतत झटकला जाणारा पाय. नाव त्यावरूनच पडलं. विषाणूचा हिशेब मात्र खुरांचा असतो. ज्यांचं खूर मधोमध दुभंगलेलं आहे असे जवळजवळ सगळे प्राणी त्याच्या टप्प्यात येतात. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर तर आहेतच. पण चितळ, सांबर, भेकर, काळवीट, नीलगाय, गवा, रानडुक्कर, जिराफ हेही आहेत. हत्तीला जोडखूर नाही, तरी आशियाई हत्तींमध्ये हा रोग नोंदलेला आहे.

गुरांकडून हरणांकडे तो जातो हे काही आज कळलेलं नाही. कॅलिफोर्नियात १९२४ साली गुरांमधली साथ जंगलातल्या हरणांत शिरली आणि ती थांबवायला बावीस हजारांवर हरणं मारावी लागली. मारलेल्यांपैकी साधारण दर दहातल्या एकाच्या अंगावर रोगाच्या खुणा होत्या.

यापेक्षा उपयोगी माहिती १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये झालेल्या प्रयोगांतून मिळाली. तिथे रानात आढळणाऱ्या पाच जातींची हरणं रोगी गुरांच्या सहवासात ठेवली. लागण पाचही जातींना झाली, पण रूप वेगवेगळं निघालं. आपल्या भेकराचं भाऊबंद असलेलं मुंटजॅक आणि छोटं रो हरीण गंभीर आजारी पडलं, काही मेलीही. लाल हरीण आणि फॅलो हरीण यांच्यात मात्र खुणा इतक्या सौम्य की रोजच्या पाहणीत सहज सुटाव्यात. सिका हरीण दोन्हींच्या मधलं.

प्राणिसंग्रहालयाच्या दृष्टीने यातली मेख लक्षात घ्या. एका मोठ्या आवारात तीन-चार जाती एकत्र ठेवल्या असतील, तर काटक जात रोग अंगावर काढते आणि नाजूक जात मरते. विषाणू दोघांच्या अंगात एकच. म्हणून पहिला मेलेला प्राणी हा पहिला लागण झालेला प्राणी असेलच असं नाही. शोध मेलेल्या चितळापासून सुरू करून तिथेच थांबवला, तर शेजारी निवांत रवंथ करणारी जात तपासायची राहून जाते.

‘या रोगाने जनावर मरत नाही’

हे अर्धवट खरं आहे, आणि अर्धवट खरं जास्त नडतं. प्रौढ गुरांमध्ये मृत्यूचं प्रमाण साधारणपणे शेकडा पाचाच्या आत राहतं. दूध आटतं, बैल कामातून जातो, गाभण गाय गाभडते, पण बहुतेक जनावरं उठून उभी राहतात. शेतकऱ्याचा हा अनुभव खोटा नाही. तो सगळ्या जातींना लावणं चूक आहे.

इस्रायलमध्ये १९८५ साली हाच रोग डोंगरी गॅझेल या छोट्या कुरंगात शिरला. एका अभयारण्यात दीड हजारांच्या आसपास प्राणी मेले, म्हणजे तिथल्या कळपाचा निम्मा भाग. त्यांच्यात तोंड आणि खुरांबरोबर हृदय आणि स्वादुपिंडावरही घाव झालेले होते.

वासरं, करडं, पाडसं यांच्यात विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. शवविच्छेदनात हृदय उघडलं की लालसर मांसात फिकट पिवळे-राखाडी पट्टे दिसतात, वाघाच्या अंगावर असावेत तसे. असं पिल्लू बहुतेकदा तोंडात फोड येण्याआधीच मरतं. सकाळी चारा टाकताना उड्या मारत होतं आणि दुपारी आडवं पडलं, तोंड स्वच्छ, खूर स्वच्छ. ‘मग लाळ्या-खुरकूत कसा?’ हा प्रश्न इथूनच निघतो. उत्तर तोंडात शोधू नये, हृदयात शोधावं.

‘भिंत आहे, मग आत आला कुठून?’

भिंत बिबट्याला अडवते. हा विषाणू फाटकातूनच येतो आणि बहुतेकदा रोजच्या ठरल्या वेळी येतो.

सगळ्यात मोठी वाट चाऱ्याची. मोठ्या प्राणिसंग्रहालयात तृणभक्षकांसाठी रोज हिरवा मका, लसूणघास, कडबा येतो. तो ज्या शेतातून येतो तिथे गुरं असतात. गाडीत काल शेणखत असू शकतं, परवा आजारी गाय असू शकते. चारा उतरवायला तीच गाडी थेट हरणांच्या आवाराशी लागते. विषाणू किती टिकतो याचे थंड हवेच्या देशांतले आकडे असे: उन्हाळ्यात जमिनीवर तीन दिवस, शरदात अठ्ठावीस दिवस, सुक्या शेणात चौदा दिवस, मूत्रात एकोणचाळीस दिवस, हिवाळ्यातल्या शेणाच्या राबडीत सहा महिने. आपल्या मे महिन्यातल्या उन्हात तो इतका तग धरणार नाही. पावसाळ्यात मात्र हवा दमट, आभाळ ढगाळ आणि जमीन ओली असते. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली गेली की हवेतला विषाणू लवकर मरतो, वर राहिली की टिकतो. जुलैतल्या पुण्यात किंवा कोकणात ती खाली जाण्याची वाट बघत बसू नये.

दुसरी वाट माणसांची. प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी एखादी गाय किंवा दोन शेळ्या असतात. पहाटे घरचं दूध काढायचं आणि त्याच चपलांनी कामावर यायचं. यात कुणाचा बेजबाबदारपणा नाही, पगार आणि संसार असाच चालतो. उपाय वरून दटावण्याचा नाही, सोयीचा आहे. फाटकापाशी आंघोळीची जागा, आतले कपडे आतच धुण्याची व्यवस्था आणि आतले गमबूट आतच राहण्याची सोय हवी. घरी जनावराला लाळ सुटली तर रजा घेता यावी आणि ती बिनपगारी नसावी. नाहीतर माणूस सांगणारच नाही.

तिसरी वाट मांसाची, आणि ही नेहमी विसरली जाते. वाघ-सिंहांसाठी मोठ्या जनावरांचं मांस येतं. जनावर कापल्यावर स्नायूत आम्लता वाढते आणि सामू (आम्लता मोजायचं माप, पीएच) सहाच्या खाली गेला की मांसातला विषाणू मरतो. हाडाच्या पोकळीतली मज्जा आणि लसिका ग्रंथी यांच्यात मात्र ही आम्लता तयार होत नाही, तिथे तो जिवंत राहतो. वाघाला याने काही होत नाही. पण हाडं धुतलेलं पाणी ज्या गटारातून वाहतं ते हरणांच्या आवाराला लागून असेल, किंवा मांसाची पाटी आणि चाऱ्याची पाटी एकाच हौदावर धुतली जात असेल, तर साखळी जुळली.

वारा ही चौथी वाट. मार्च १९८१ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून हा विषाणू वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर पोचला होता, अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. जमिनीवर एवढा पल्ला सहसा मिळत नाही. श्वासातून विषाणू सोडण्यात डुक्कर गाईपेक्षा कैक पटींनी पुढे असतं. म्हणून रानडुकरांचं आवार वाऱ्याच्या तोंडाला आणि हरणांचं त्याच्या मागे, अशी मांडणी असेल तर ती कागदावर कितीही सुबक दिसो, साथीत ती घातक ठरते.

आणि पाचवी, नव्या प्राण्याची. हे जुनं दुखणं आहे, फक्त रोग बदलत गेला. १८६५ साली पॅरिसच्या एका प्राणी-उद्यानात लंडनहून आणलेल्या दोन गॅझेलींबरोबर बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथरोग शिरला आणि तिथल्या वेगवेगळ्या जातींत पसरला. १९४९ मध्ये रोमच्या प्राणिसंग्रहालयात आफ्रिकेतून आलेल्या वन्यप्राण्यांबरोबर पुन्हा तेच झालं. बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आवक-जावक चालूच आहे. लाळ्या-खुरकूत अंगात मुरायला दोन ते चौदा दिवस लागतात, म्हणून आलेला प्राणी निदान तीस दिवस वेगळा ठेवायचा. त्याची बादली, खराटा आणि माणूसही वेगळा हवा. ‘वेगळं’ आवार असून खराटा एकच असेल तर ते विलगीकरण नुसतं पाटीपुरतं.

आत शिरल्यावर एका जातीकडून दुसरीकडे जायला विषाणूला फार काही लागत नाही. दिवसभराच्या कामाचा क्रम बघा. एकच माणूस सांबरांची गव्हाण झाडतो, तेच घमेलं घेऊन चितळांकडे जातो, तिथून काळविटांकडे. साथीत हा क्रम उलगडून लिहून काढावा लागतो. निरोगी जाती आधी, संशयित त्यानंतर, रोगी सगळ्यात शेवटी, आणि शेवटच्या आवारातून बाहेर पडलेला माणूस त्या दिवशी परत कुठेही जाणार नाही. माणसंच वेगळी करता आली तर उत्तमच.

‘ही विषबाधाच आहे’

शंका घेण्यात गैर काही नाही. कळपात एकदम मृत्यू झाले की विषबाधा तपासावीच लागते. पोटातल्या चाऱ्याचे नमुने न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात ते याचसाठी. ते पाठवले म्हणजे विषबाधेचा निष्कर्ष निघाला असा अर्थ होत नाही.

दोन्हींचा वेळेचा नमुना वेगळा असतो. कोवळ्या ज्वारीतलं सायनाइड घ्या. चारा खाल्ल्यावर थोड्या वेळात, एकाच पाळीत, एकाच गव्हाणीवरची जनावरं कोसळतात, आणि चारा बदलला की मृत्यू थांबतात. संसर्गात मृत्यू दिवसांवर पसरतात. आज दोन, उद्या एक, परवा चार, आणि चारा बदलूनही चालू राहतात.

निदान कशाने ठरतं हेही सांगायला हवं, कारण इथे घोटाळे फार होतात. फोडावरचं ताजं कातडं, शक्य तर एक ग्रॅमभर, ग्लिसरॉल आणि फॉस्फेटच्या द्रावणात ठेवून थंड पाठवायचं. द्रावणाचा सामू ७.२ ते ७.६च्या दरम्यान राहिला पाहिजे, कारण आम्लात हा विषाणू वाटेतच मरतो. घाईत कुणी सगळं फॉर्मलिनच्या बाटलीत टाकलं तर जिवंत विषाणू हाती लागायची आशाच संपते. फॉर्मलिनमध्ये फक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तुकडा जातो, हृदयाचा तर नक्कीच. अहवाल यायला चार दिवस लागले तर ते चार दिवस दडपादडपीचे असतात असं नाही.

‘लस टोचली असती तर एकही गेलं नसतं’

सगळ्यात पटणारं वाक्य हेच, आणि याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं एका शब्दाचं उत्तर नाही.

या विषाणूचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, एशिया-१ आणि दक्षिण आफ्रिकी तीन. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर चालत नाही. भारतात ओ, ए आणि एशिया-१ फिरतात, म्हणून आपली लस या तिघांची. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गुरांना ती सहा-सहा महिन्यांनी टोचली जाते, कारण संरक्षण साधारण तेवढंच टिकतं. पहिल्यांदा टोचताना महिन्याभराने दुसरा डोस लागतो. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच राहिली पाहिजे. बर्फाला चिकटून गोठलेली बाटली बाहेरून ठीक दिसते, कामाची राहत नाही.

हे झालं गाईचं. गाय दाव्याला बांधलेली असते. चितळ नसतं.

सत्तर-ऐंशी चितळांचा कळप दर सहा महिन्यांनी पकडायचा म्हणजे काय, ते डोळ्यांपुढे आणा. एक बुजलं की सगळी उधळतात, जाळीवर आदळतात, माना मोडतात, शिंगं तुटतात. जे वाचतात त्यांच्यातही पाठलागाच्या ताणाने स्नायू सडू लागतात. अंग ताठतं, लघवी तपकिरी होते, आणि काही तासांत किंवा काही दिवसांत प्राणी जातो. पकडण्यामुळे येणारा हा मृत्यू हरणांवर काम करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या धास्तीचा विषय आहे. वर लसीच्या बाटलीवर गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांची मात्रा छापलेली असते, चितळाची नसते. शेळी-मेंढीवरून अंदाज बांधावा लागतो.

साथ सुरू झाल्यावर आतल्या कळपात बंदुकीने लस मारत फिरणं तर आणखी अवघड. प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर मुरत असलेला रोग बाहेर येतो आणि ‘लसीनेच मारलं’ असा पुढचा मजकूर तयार होतो. शिवाय एका आवारातून दुसऱ्यात जाणारं लसीकरणाचं पथक स्वतःच विषाणूचं वाहन बनतं.

मग लस निरुपयोगी का? मुळीच नाही. तिची जागा आधी बाहेर आहे. भिंतीबाहेरच्या वस्त्यांतली गुरं, शेळ्या, डुकरं, चारा पुरवणाऱ्या शेतकऱ्यांची जनावरं आणि कर्मचाऱ्यांच्या घरची जनावरं, यांना पावसाळ्याआधी न चुकता लस द्यावी. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यातल्या आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. प्राणिसंग्रहालयांच्या भोवतीही तीच रीत पाळणं शहाणपणाचं. रस्त्यावर मोकाट सोडलेली गुरं या मोजणीत कुणाच्याच नावावर नसतात, खरी गळती तिथे आहे.

आतल्या प्राण्यांना टोचायचं असेल तर तयारी महिन्यांची हवी. चारा एका अरुंद वाड्यात ठेवायचा, कळपाला तिथे रोज यायची सवय लावायची. मग वाड्याच्या भिंतींवर गडद कापड लावायचं, म्हणजे बाहेरचं काही दिसत नाही आणि प्राणी जाळीवर झेपावत नाहीत. एकेकाला चिंचोळ्या वाटेने पुढे घ्यायचं, तेही थंड वेळी. सकाळी अकरानंतर हे काम करू नये. लस घेतलेल्याला आजार सहसा होत नाही, पण विषाणू घशात राहू शकतो हेही ध्यानात ठेवावं. लस झाली म्हणून गमबूट धुणं सुटत नाही.

‘आता झेब्रे आणि वाघांनाही होणार’

झेब्र्याचं खूर एकसंध, घोड्यासारखं. त्याला हा रोग होत नाही, गेंड्यालाही नाही. वाघ-सिंहांचं वर आलंच. फक्त झेब्र्याला रोग होत नसला तरी त्याच्या रखवालदाराच्या बुटांना तो लागू शकतो, हे विसरू नये.

तरीही ‘खूर वेगळं म्हणजे धोका नाही’ असा सरसकट नियम कुणी काढू नये. १९९३ मध्ये जपानमधल्या एका प्राणिसंग्रहालयात थॉमसन गॅझेली मेंदूज्वराने मेल्या. त्यांच्यात एक नवा हर्पिस विषाणू सापडला, घोड्याच्या हर्पिसचा जवळचा नातलग. त्याच आवारात झेब्रे होते, ठणठणीत. पुढे संशय झेब्र्यांवरच स्थिरावला. एकखुरी प्राणी विषाणू बाळगतो आणि जोडखुरी मरतो, असा हा उलटा प्रकार.

मेंढीचंही असंच. मॅलिग्नंट कटारल फीवर या रोगाचा विषाणू मेंढ्यांमध्ये निमूट राहतो, आणि हरणं, गवे, बायसन यांच्यात शिरला तर बहुधा मारतोच. आफ्रिकेत हेच काम वाइल्डबीस्ट या मोठ्या कुरंगाची पिल्लं करतात. भारतात काश्मीरमध्ये मेंढीशी जोडलेल्या या रोगाचा पुरावा मिळालेला आहे. मुलांना हात लावता यावा म्हणून मेंढ्या-कोकरांचा कोपरा करायचा आणि तो हरणांच्या कुंपणाला खेटून ठेवायचा, ही हौस महाग पडू शकते. सहा ते नऊ महिन्यांची कोकरं विषाणू सर्वात जास्त सोडतात, आणि नेमकी तीच गोंडस दिसतात.

‘मुलांना नेऊ नका’

मुलांच्या तळहातांवर, तळपायांवर आणि तोंडात पुरळ येतो तो आजार कॉक्ससॅकी ए-१६, एंटेरोव्हायरस-७१ अशा विषाणूंचा. तो माणसाकडून माणसाला होतो, जनावरांचा त्यात काही हात नाही. इंग्रजी नावं सारखी असल्यामुळे झालेला गोंधळ आहे. लाळ्या-खुरकूत माणसाला होणं इतकं दुर्मिळ की १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका रुग्णाचा दाखला अजूनही दिला जातो.

साथीत प्राणिसंग्रहालय बंद ठेवतात ते मुलांना वाचवायला नाही. बुटांतून आणि गाडीच्या चाकांतून विषाणू बाहेरच्या गोठ्यांत जाऊ नये म्हणून. घरी गाय असेल त्याने तिथून परतल्यावर आंघोळ करून कपडे बदलावेत, एवढं पुरे.

‘फिनाईल आणि चुना मारला की झालं’

आवाराच्या तोंडाशी वासाचं पांढरं पाणी भरलेली ट्रे आणि दोन्ही बाजूंना चुन्याची रेघ असली की बघणाऱ्याला बरं वाटतं. विषाणूचं त्याने फारसं बिघडत नाही. याच्या अंगावर चरबीचं आवरण नाही, त्यामुळे फिनाईल आणि त्या जातीची जंतुनाशकं त्याच्यावर नीट चालत नाहीत, शेण-माती मिसळलेली असेल तर त्याहून कमी. चुना ओला आणि ताजा असेल तरच जाळतो. आठवडाभर हवेत पडलेली रेघ ही जवळजवळ खडूच असते.

या विषाणूला सामूचं वावडं आहे. सहाच्या खाली किंवा नऊच्या वर गेलं की तो मोडतो. म्हणून स्वस्त औषध वाण्याकडेच मिळतं: धुण्याचा सोडा, चार टक्के. निर्जल पूड असेल तर दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम. खड्यांचा सोडा असेल तर त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं, तेव्हा त्याच दहा लिटरला एक किलो शंभर ग्रॅमच्या आसपास लागतो. ही चूक सर्रास होते. चारशे ग्रॅम खडे टाकले की द्रावण दीड टक्क्यावर येतं. खाण्याचा सोडा इथे चालत नाही, त्याचा सामू साडेआठच्याही खाली राहतो. द्रावण अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नये, धातू खराब होतो. ज्यांना सोडा नको त्यांनी सायट्रिक आम्ल वापरावं, लिटरला दोन ग्रॅम. पण दोन्ही एकत्र कधीही नाही. छान फेस येतो आणि दोन्ही वाया जातात.

ट्रेच्या आधी पाण्याची बादली आणि ताठ ब्रश हवा. तळव्याच्या नक्षीत अडकलेला चिखल काढल्याशिवाय बूट द्रावणात बुडवणं म्हणजे चिखलालाच आंघोळ. बूट घोट्यापर्यंत बुडेल इतकी खोली ठेवावी, द्रावण रोज बदलावं, गढूळ झालं तर त्याआधीच. आणि ट्रेवर पत्र्याचं छप्पर हवं. आषाढात उघड्यावर ठेवलेल्या ट्रेमध्ये दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त पाणी आभाळातलं असतं, आणि सकाळी कुणी मोजूनमापून टाकलेले चारशे ग्रॅम केव्हाच गटारात वाहून गेलेले असतात.